किराया कोण देणार?

घरकुल मंजूर झाले की गावात पहिले काम निघते ते घर पाडण्याचे. योजनेच्या कागदावर ही पायरी कुठेच नाही. तिथे मंजुरी आहे, पहिला हप्ता आहे, जोता आहे, छत आहे आणि शेवटी रंगवलेल्या भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या कुटुंबाचा फोटो आहे. पण गावठाणात ज्याची एकच जागा आहे, त्याला नवे घर जुन्या घराच्याच जागेवर उभे करावे लागते. म्हणून आधी कवेलू उतरतात, मग लाकूडफाटा निघतो, आणि आजोबांच्या हातच्या मातीच्या भिंती दोन दिवसांत जमीनदोस्त होतात. चांगले कवेलू एका बाजूला रचून ठेवायचे, म्हणजे गाईच्या कोठ्यावर घालता येतील. धानाची कोठी, दिवाण, टीव्ही, देव, शाळेची दप्तरे हे सगळे मग कुणाच्या तरी सपरीत जाते. माणसेही तिथेच जातात. सपरी देणारे कुणी नसेल तर सांदवाडीत चार बल्ल्या रोवून वर टिना टाकायच्या, नाहीतर किरायाची खोली बघायची.

सौंदड हे गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यातले महामार्गावरचे गाव. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 इथून जातो आणि गोंदिया–बल्लारशा मार्गावरचे रेल्वे स्टेशनही इथे आहे. अशा गावात किरायदार म्हटले की डोळ्यांपुढे बाहेरून बदलून आलेला शिक्षक, बँकेचा बाबू किंवा दवाखान्यातली सिस्टर येते. गावातल्या गरिबाचे घर मातीचे का होईना पण स्वतःचे असते, त्याला किरायाशी काय देणेघेणे, असे आपण धरूनच चालतो. सरकारही तेच धरून चालते. आणि माझे भांडण नेमके या गृहीतकाशी आहे. गेल्या 40 वर्षांत आपण घराच्या मालकीसाठी पैसा दिला, पण घरात राहण्याच्या महिनेवारी खर्चासाठी गरिबाला जवळजवळ काहीच दिले नाही. ज्याला पगार आहे त्याला मात्र दर महिन्याला देत राहिलो.

आधी घरकुलाचा हिशेब बघू. 1985 साली सुरू झालेली इंदिरा आवास योजना 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) झाली. सपाट भागात घरामागे 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ, दुर्गम व नक्षलग्रस्त जिल्ह्यांत 1 लाख 30 हजार रुपये असा दर ठरला. गोंदिया दुसऱ्या गटात येतो. घर किमान 25 चौरस मीटरचे, स्वयंपाकाची जागा धरून. शौचालयाचे 12 हजार वेगळे, आणि रोजगार हमीतून 90 ते 95 दिवसांची मजुरी, म्हणजे 2025-26 च्या 312 रुपये रोजाने सुमारे 28 ते 30 हजार. राज्य सरकारने एप्रिल 2025 मध्ये आणखी 50 हजारांची भर घातली: 35 हजार बांधकामाला, 15 हजार छतावरच्या सौर संचाला. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, इतर मागासवर्गीयांसाठी 2023 पासून मोदी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा समांतर योजना आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये पुण्यात राज्यातल्या 20 लाख घरांना मंजुरीपत्रे देण्याचा आणि 10 लाख लाभार्थ्यांना पहिला हप्ता देण्याचा मोठा कार्यक्रम झाला. या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही. झाडीपट्टीतली मातीची घरे दर पावसाळ्यात कशी ढासळतात हे ज्याने पाहिले आहे, तो घरकुलाला नावे ठेवणार नाही.

पण हा पैसा येतो हप्त्याहप्त्याने, आणि राहावे लागते रोज. आपल्याकडे पहिला हप्ता 15 हजारांचा. पुढचा हप्ता काम ठरावीक टप्प्यापर्यंत आल्यावर, अभियंत्याने जागेवर येऊन मोबाइलमध्ये फोटो घेतल्यावर. 15 हजारांत जोता होत नाही. म्हणजे पुढच्या हप्त्याला पात्र ठरण्यासाठी आधी खिशातले घालायचे, ते नसतील तर गटातून किंवा सावकाराकडून काढायचे. सिमेंटवाला उधारीवर देतो, पण त्याच्या दराने. मिस्त्री मिळाला तर लोहा नाही, लोहा आला तर रेती नाही. 10 जूनपासून 30 सप्टेंबरपर्यंत नदीतून रेती काढायला बंदी असते. घरकुलवाल्याला 5 ब्रास रेती मोफत देण्याचे धोरण आहे, पण घाट बंद असला की मोफत काय आणि विकत काय. त्यातच आषाढात रोवणी सुरू होते. रोवणीच्या दिवसांत पूर्व विदर्भात मजूर मिळत नाही, आणि घरकुलवाला स्वतःच मजूर असेल तर तो आपल्या घराच्या कामावर तरी कसा थांबेल? वर्षातली नगदी मजुरी त्याच महिन्यात असते.

मग चैत्रात पाडलेले घर दिवाळीपर्यंत जोत्यावर उभे राहते. या सात-आठ महिन्यांत कुटुंब कुठे राहते, काय देऊन राहते, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. आवास ॲपमध्ये जुन्या घराचा फोटो आहे, जोत्याचा आहे, छताचा आहे. मधल्या झोपडीचा नाही. सांदवाडीतल्या टिनाखाली बाळंतपणे होतात, दहावीचा अभ्यास होतो, म्हातारी माणसे थंडीत कुडकुडतात. जो किरायाची खोली घेतो त्याचे महिन्याला हजार-दीड हजार जातात आणि ते सरळ घरकुलाच्या पैशातून जातात, कारण दुसरा पैसा असतोच कुठे? लाभार्थी पैसे खाऊन बसले, घर अर्धवट सोडले, असे कार्यालयात तिरसटपणे बोलले जाते. त्यांनी ते कशात घातले हे एकदा नीट विचारले तर यादीत सिमेंट-लोह्याच्या खाली कुठेतरी किरायाही सापडेल.

जुने घर आपणच पाडले तर ही गत. पावसाने पाडले तर? आपत्ती निवारणाच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घरासाठी घरकुलाइतकीच रक्कम आहे. पण अंशतः पडझड झालेल्या कच्च्या घराला 4 हजार, पक्क्याला 6,500 आणि झोपडीला 8 हजार. मातीच्या घराची मागची भिंत श्रावणात बसली की उरलेल्या तीन भिंतींच्या आत कुणी झोपत नाही. तलाठ्याच्या पंचनाम्यात ते घर ‘अंशतः’ असते आणि त्यात राहणाऱ्यांच्या दृष्टीने ते संपलेले असते. 4 हजारांत भिंतही उभी होत नाही आणि पावसाळाभराचा किरायाही निघत नाही.

आता मुंबईकडे बघा. झोपडपट्टी पुनर्वसनात झोपडी पाडायची तर विकासकाने रहिवाशाला एकतर संक्रमण शिबिरात जागा द्यायची किंवा नवे घर मिळेपर्यंत घरभाडे द्यायचे, असा नियम आहे. विकासक भाडे थकवतात, लोक रस्त्यावर येतात, अशा तक्रारी वाढल्या तेव्हा 2023 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा केल्याशिवाय काम पुढे सरकू द्यायचे नाही असे ठरवले. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात म्हाडाने रहिवाशांना महिन्याला 25 हजार रुपये भाडे देऊ केले. त्यातल्या वरळीच्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. हे योग्यच झाले. वरळीच्या चाळकऱ्याने उपकार म्हणून हे भाडे घेतलेले नाही. घर पाडायला लावता तर तोवरच्या निवाऱ्याची जबाबदारी तुमची, हे साधे न्यायाचे तत्त्व आहे.

फक्त ते तत्त्व कल्याण-कसाऱ्याच्या पुढे का येत नाही, एवढेच विचारायचे आहे. बीडीडीतल्या एका कुटुंबाचे जेमतेम सव्वापाच महिन्यांचे भाडे म्हणजे गोंदियातले केंद्रीय योजनेचे अख्खे घरकुल अनुदान. यावर उत्तर तयार असते: मुंबईत वरच्या मजल्यांच्या विक्रीतून पैसा निघतो, सौंदडच्या जोत्यावर कुठला टॉवर उभा राहणार? बरोबर आहे. पण मग स्पष्ट म्हणा की ज्याच्या जमिनीला भाव आहे त्यालाच मधल्या काळात छप्पर मिळेल. कल्याणकारी राज्य असे म्हणू शकत नाही. ते फक्त तसे वागते.

गावात किरायाचा पैसा येतच नाही असेही नाही. येतो, दर महिन्याला येतो, फक्त पगारदाराच्या खात्यात येतो. सातव्या वेतन आयोगात घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार मूळ वेतनाच्या 24, 16 आणि 8 टक्के ठरला होता. महागाई भत्ता वाढत गेला तसा तो 30, 20 आणि 10 टक्क्यांवर आला. सौंदडसारखी गावे शेवटच्या वर्गात. 50 हजार मूळ वेतनाच्या शिक्षकाला महिन्याला 5 हजार. त्याच गावात घर पाडून बसलेल्या मजुराला शून्य.

या भत्त्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे अशी अट आहे, आणि ग्रामविकास विभागाने 2019 मध्ये त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागेल असे सांगितले. 2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा विषय विधानसभेत लावून धरला: शिक्षक तालुक्याला किंवा शहरात राहतात, ये-जा करतात आणि भत्ता गावात राहतो म्हणून घेतात. शिक्षक संघटना खवळल्या, मोर्चे निघाले. गावात राहण्याजोगी खोली आहे का, बायकोची नोकरी कुठे आहे, मुलांची शाळा कुठे आहे, हे त्यांचे प्रश्न होते आणि त्यात तथ्य होते. त्या वादात मी शिक्षकांचा भत्ता काढून घ्या म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नव्हतो, आजही नाही. मला वेगळीच गोष्ट दिसली. त्या सगळ्या आरडाओरड्यात एकानेही विचारले नाही की त्याच ग्रामसभेत बसलेल्या, खरोखर किरायाने राहणाऱ्या मजुराला, विधवेला, परित्यक्तेला काही मिळावे का. गावात न राहता किराया मिळतो यावर आपण चिडलो. गावात राहून किराया भरणाऱ्यांचा आपल्याला पत्ताच नव्हता.

आयकरातही तेच. जुन्या कररचनेत घरभाडे भत्त्यावर सूट आहे, भत्ता न मिळणाऱ्यासाठी महिन्याला 5 हजारांपर्यंतची वजावट आहे, गृहकर्जाच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंत आहे. ही सरकारने दिलेली किरायाची आणि घराची मदतच आहे, फक्त ती कर भरणाऱ्यापर्यंत पोहोचते. तिला कुणी ‘रेवडी’ म्हणत नाही.

गरिबाला किरायासाठी पैसा देता येतो, हे राज्याने एका ठिकाणी मान्य केले आहे: विद्यार्थ्यांच्या बाबतीत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम्, आणि डिसेंबर 2023 मध्ये इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला 60 हजार, इतर महापालिकांच्या शहरांत 51 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार. त्यात निवासाचा वाटा नागपुरात 20 हजार आणि गोंदियात 12 हजार. म्हणजे नागपुरात महिन्याला 1,666 रुपयांत खोली आणि गोंदियात हजारात. सौंदडची एखादी मुलगी नागपूरला शिकायला गेली तर तिघी-चौघी मिळून एक खोली घेतात तेव्हा कुठे हे गणित बसते. 2016 चे आकडे 2023 च्या नव्या योजनेत जसेच्या तसे उतरवले गेले, जणू सात वर्षांत नागपुरातल्या एकाही घरमालकाने किराया वाढवलाच नव्हता.

यातला दुसरा दोष जास्त घातक. पैसे महिन्याला येत नाहीत. ते उशिरा येतात, कधी एक सत्र उलटल्यावर, कधी वर्ष उलटून. त्यासाठी विद्यार्थी समाजकल्याण कार्यालयापुढे आंदोलने करतात. घरमालक मात्र एक तारखेला दारात असतो. उशिरा मिळालेला किराया हा किरायाच नव्हे, ती भरपाई आहे. तोवर ज्याच्या बापाजवळ चार महिने खोली चालवण्याची ऐपत आहे तोच टिकतो, म्हणजे ज्याला कमी गरज आहे त्याला मदत मिळते. जो टिकत नाही तो गाडीत बसून परत येतो आणि आपण त्याला ‘गळती’च्या आकड्यात टाकतो.

मजुरांचे तर त्याहून वाईट. पूर्व विदर्भातून माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात, नागपूर-हैदराबादला बांधकामावर जातात. दुसऱ्यांची घरे बांधणाऱ्यांना स्वतःला शहरात किरायाची दहा बाय दहाची खोली, तीही पाच-सहा जणांत. 2020 च्या टाळेबंदीत काय झाले ते याच महामार्गाने पाहिले. नागपूरकडून छत्तीसगडकडे पायी निघालेल्या माणसांच्या रांगांमागे उपासमारीची भीती होती, तशीच किरायाचीही होती. काम बंद आणि खोली चालू. केंद्राने 29 मार्च 2020 रोजी मजुरांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये असा आदेश काढला. महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने 17 एप्रिलला घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्यास सांगितले. दोन्ही आदेशांचा मथितार्थ एकच: किराया घरमालकाने सोसावा. दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी गरीब किरायदारांचे भाडे सरकार भरेल असे जाहीर केले. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ते आश्वासन पाळावे लागेल असे म्हटले, तेव्हा सरकार अपिलात गेले आणि खंडपीठाने स्थगिती दिली.

घरमालकाच्या खांद्यावर बंदूक ठेवण्याची ही सवय जुनी आहे. मुंबईत भाडे नियंत्रण पहिल्या महायुद्धात, 1918 साली आले आणि 1947 च्या कायद्याने भाडी गोठली. त्यातून लाखो गरीब-मध्यमवर्गीयांना निवारा मिळाला हे खरे, पण त्याचा खर्च सरकारने कधी उचलला नाही. तो मालकावर टाकला. मालकाने दुरुस्ती सोडली, इमारती खिळखिळ्या झाल्या आणि दर पावसाळ्यात त्या माणसांवर कोसळू लागल्या. 1999 च्या कायद्यानेही मूळ दुखणे तसेच ठेवले. किरायदाराला संरक्षण द्या, पण त्याची किंमत तिजोरीतून द्या, हा साधा विचार आपल्या धोरणात शिरलाच नाही.

भाड्याची घरे बांधून पाहिली तीही एकदा. एमएमआरडीएने 2008 मध्ये भाडेतत्त्वावरच्या घरांची योजना आणली, 160 चौरस फुटांची घरे. काही वर्षांत योजना गुंडाळली गेली. पनवेलजवळ कोन येथे त्यातून उभी राहिलेली घरे दोन-दोन जोडून 2016 मध्ये गिरणी कामगारांना सोडतीने मालकीची म्हणून देण्यात आली, 2,417 घरे. गिरणी कामगारांचा हक्क कुणी नाकारत नाही. पण भाड्याने द्यायला बांधलेले घरही शेवटी विकले जाते, यातून आपल्या गृहनिर्माणाचा स्वभाव कळतो. चावी दिल्याचा फोटो छापता येतो. किराया भरल्याचा कसला फोटो छापणार?

जगात इतरत्र हा विचार रुळलेला आहे. अमेरिकेत 1974 पासून गरीब कुटुंबाच्या किरायाचा काही भाग सरकार भरते, पण पात्र असलेल्या चारांपैकी साधारण एकालाच ती मदत मिळते. ब्रिटनमध्ये नेहमीची गृह-मदत पुरत नसेल तर स्थानिक नगर परिषद आपल्या अधिकारात वरची तूट भरून देऊ शकेल अशी तरतूद 2001 साली झाली. अनामत रक्कम, सामान हलवण्याचा खर्च, मधल्या काही महिन्यांचा किराया यांसाठी ठरावीक निधी परिषदेकडे येतो. 2013 मध्ये घरात जादा खोली असलेल्यांची मदत कापण्याचा निर्णय लंडनने घेतला, तेव्हा स्कॉटलंडने याच निधीतून ती कपात भरून काढली. मला या सगळ्यातली एकच गोष्ट उचलावीशी वाटते: गावाच्या पातळीवर, थोड्या काळासाठी, प्रत्यक्ष अडचण बघून देता येईल असा छोटा निधी.

‘अधिकाऱ्याच्या अधिकारात’ म्हटले की आपल्याकडे लोक दचकतात, आणि त्यांचे चुकत नाही. इथे अधिकार म्हणजे आपल्या माणसाचे नाव आधी. ज्या गावात घरकुलाच्या यादीवरून भावकीत बोलणे बंद होते, तिथे किरायाच्या यादीवरून काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. खोट्या पावत्या येतील. काकाच्या सपरीत राहून काकाचीच पावती लावली जाईल.

लावू द्या, असे माझे म्हणणे आहे. काकाने सात महिने सपरी दिली तर काकाच्या घरात हजार रुपये गेल्याने कुठले आभाळ कोसळणार? शिक्षकाच्या घरभाडे भत्त्याला तरी कुठे पावती लागते? ती लागते आयकराची सूट घ्यायला. सरकार आपल्या कर्मचाऱ्यावर जो विश्वास टाकते तोच लाभार्थ्यावर टाकावा. पावती मागूच नये. घरकुलाच्या ॲपमध्ये जुने घर पाडल्याचा फोटो आला की तिथून छत पडेपर्यंत, जास्तीत जास्त सहा महिने, महिन्याला ठोक दीड हजार द्यावेत. एका घरामागे 9 हजार, म्हणजे केंद्रीय योजनेच्या अनुदानाच्या सात टक्क्यांहूनही कमी. ज्या वर्षी एखाद्या ग्रामपंचायतीत 40 घरकुले चालू असतील त्या वर्षी 3 लाख 60 हजार. यात अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही. मर्जी लागेल ती घर पावसाने पडलेल्यांसाठी, घराबाहेर काढलेल्या बाईसाठी, जागाच नसल्यामुळे ज्याचे मंजूर घरकुल परत गेले त्याच्यासाठी. तिथे ग्रामसभेने ठरवावे.

त्या शेवटच्या माणसाविषयी थोडे जास्त बोलायला हवे, कारण गावातला खरा किरायदार तोच आहे. भूमिहीनाला घरकुल मंजूर होते आणि जागेअभावी अडते. त्याला 500 चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला अर्थसाहाय्य आहे, आधी 50 हजार होते, आता 1 लाखापर्यंत आहे. महामार्गाला लागून असलेल्या गावात एवढ्यात जागा मिळणे सोपे नाही, आणि मिळाली तरी गावठाणाबाहेर. सरकारी जमिनीवर घर असेल तर ते नियमित करण्याचे धोरण आहे, पण पूर्व विदर्भात त्या जमिनीची नोंद पुष्कळदा ‘झुडपी जंगल’ अशी असते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतली झुडपी जंगलाची जमीन वन म्हणूनच धरायची असे सांगितले. 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वापराला काही दिलासा ठेवला, तोही केंद्राच्या परवानगीच्या वाटेने. ही वाट चालायला वर्षे लागतील. तोवर या कुटुंबाने काय करायचे? मालकीचा पट्टा मिळेपर्यंत निवारा नाही, असे तर कुठल्याच कायद्यात लिहिलेले नाही.

किरायातला पैसा वाहून जातो, घरातला टिकतो, हा आक्षेप उरतोच. तो खराही आहे. वर्षानुवर्षे किराया भरून सरकारच्या हाती काही उरणार नाही, आणि गावात खोल्या मोजक्याच असल्या की मदत येताच किराया वाढेल हीही शक्यता आहे. म्हणूनच मी कायमच्या भत्त्याची मागणी करत नाही. घर पाडणे आणि घर होणे यांच्यामधल्या काळाची, पडलेली भिंत आणि उभी राहणारी भिंत यांच्यामधल्या पावसाळ्याची, गाव सोडणे आणि पहिला पगार यांच्यामधल्या महिन्यांची ही मदत आहे. लाडकी बहीणचे दीड हजार आहेतच की, असेही कुणी म्हणेल. पण ते पैसे तेल, मीठ, मुलाची फी आणि बचत गटाचा हप्ता यांनी आधीच वाटून घेतलेले असतात. घर पाडल्यावर ते वाढत नाहीत.

निधी कुठून, हा प्रश्न ग्रामपंचायतीला नवा नाही. स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांवर, 10 टक्के महिला-बालकल्याणावर आणि 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे बंधन तिच्यावर आहेच. मार्चअखेर हा पैसा घाईघाईने खुर्च्या, सतरंज्या आणि शिलाई मशिनींवर कसा संपवतात ते गावोगावी सगळ्यांना माहीत आहे. राज्याने घरकुलाच्या अनुदानात मधल्या निवाऱ्याचा हप्ता घालावा ही मागणी रास्तच आहे, पण त्याची वाट बघत बसायचे कारण नाही. सुरुवात या टक्क्यांतून होऊ शकते.

सौंदडच्या आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांना म्हणून एकच विनंती. पुढच्या ग्रामसभेत शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी मुख्यालयी राहतात का याचा ठराव विषयपत्रिकेवर येईल तेव्हा हात वर करून आणखी एक विषय मांडा. घरकुलासाठी घर पाडलेली आणि पावसाने घर गेलेली कुटुंबे आज कुणाच्या घरात, किती किरायाने राहतात याची नावानिशी यादी वाचायला सांगा, आणि ती इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.